वाळूचं चित्र की गवताची नोंद?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या नाहीत, आणि असण्याचं कारणही नाही. खाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. त्यात गारगोटीचे कण जवळजवळ नसतात, म्हणून तो झिजला की त्याची काळी चिकण माती होते, नाहीतर मुरूम. तरीही वाळू आणि वाळूसारखं बरंच काही इथे उघड्यावर पडलेलं आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि देहू-आळंदीकडे उतरेपर्यंत तो सात-आठशेवर आलेला. डोंगरातून जोराने आलेलं पाणी सपाटीवर मंदावतं आणि वळणावळणावर आपलं ओझं टाकत जातं. इंद्रायणी, भामा आणि भीमा तुळापूरला एकत्र येतात, तिथपर्यंतच्या काठांवरची ही काळपट, जाडीभरडी वाळू म्हणजे इथली जुनी वाळू. नवी वाळू माणसाने केलेली आहे. मोशीच्या दगडखाणींजवळ खडी क्रशरमधून पडणाऱ्या कचेचे ढीग, फाउंड्रीतून वापरून टाकलेली मोल्डिंगची वाळू, कारखाने आणि गोदामांसाठी जमीन सपाट करताना उपसून बाजूला लोटलेला मुरूम, ही ती वाळू. दोन्हींवर गवत येतं, आणि कॅमेरा घेतलेली माणसंही दोन्हींकडे वळतात. या जागांचं छायाचित्र कसं असावं, यावर दोन मतं आहेत. त्यातलं एक माझं आहे. दुसऱ्याची बाजू पूर्ण ताकदीने यावी म्हणून तिला छायाचित्रकाराचा आवाज दिला आहे.

छायाचित्रकार: अहो, वाळूचं छायाचित्र म्हणजे मुळात प्रकाशाचं छायाचित्र. सूर्य क्षितिजाला टेकलेला, तिरपी किरणं, प्रत्येक लहरीची एक बाजू उजळ आणि एक अंधारी, त्यात गवताचा एखादाच झुबका आणि त्याची लांब सावली. बस्स. मागची चिमणी, विजेचा टॉवर, डंपरच्या चाकोऱ्या मी चौकटीबाहेर ठेवतो. गवताचं नाव काय, हे पाहणाऱ्याला कळून काय करायचंय? तुम्ही लोक प्रत्येक चित्राला संग्रहालयातली चिठ्ठी लावायला निघालात.

मी: प्रकाशाबद्दल आपलं भांडण नाही. तिरपा प्रकाश तुम्हाला सौंदर्यासाठी हवा असतो आणि मला नोंदीसाठी, कारण दुपारच्या उन्हात वाळूचा पोत सपाट होतो आणि बारीक पात्यांचं गवत पार्श्वभूमीत विरघळून जातं. वाद चौकटीबाहेर काय ठेवायचं यावर आहे. कचेचा ढीग जवळून, आजूबाजूचं सगळं कापून टिपला, तर तो थरच्या वाळवंटासारखा दिसू शकतो. पण तो तसा नसतो, आणि का नसतो ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. राल्फ बॅग्नॉल्ड यांनी वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचं भौतिकशास्त्र १९४१च्या ग्रंथात मांडलं, तेव्हापासून हे नीट समजलेलं आहे की वाळूच्या लहरी कणांच्या उड्यांनी बनतात. वारा कण उचलतो, थोडा पुढे टाकतो, तो पडताना आणखी कण उडवतो. त्यासाठी कण साधारण एका मापाचे आणि सुटे लागतात. क्रशरच्या कचेत टोकदार तुकडे आणि पिठासारखी भुकटी एकत्र असते. वारा भुकटी उडवून नेतो, ती धूळ होऊन गावांवर बसते. जे मागे राहतं त्यावर पहिल्या पावसात पापुद्रा धरतो, आणि पुढच्या पावसात त्यात ओहळ कोरले जातात. म्हणून कचेच्या ढिगावर लहरींपेक्षा ओहळ जास्त, आणि नदीच्या वाळूवर पाण्याने आणि वाऱ्याने काढलेल्या लहरी. ज्याला हा फरक दिसतो, त्याला चिमणी कापावीशी वाटणार नाही. चिमणी कापली की ढिगाचं मूळ कापलं जातं, आणि पाहणाऱ्याला एक सुंदर पण खोटी जागा मिळते.

हे गवतालाही लागू आहे. त्या ढिगावर पहिलं गवत कुठे येतं ते पाहा. माथ्यावर नाही, मध्यावर नाही. ते पायथ्याला येतं, आणि ओहळांच्या तळाशी, जिथे बारीक माती साचते आणि ओल चार दिवस जास्त टिकते. हरळी कडेने सरपटत वर चढते, तिची पेरं जमिनीला टेकली की मुळं धरतात. गणपतीला वाहायच्या दूर्वा याच हरळीच्या, आणि चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवळापासून काही किलोमीटरवरच्या राडारोड्यावर ती तितक्याच निष्ठेने वाढते. मुरमाच्या उघड्या उतारावर कुसळी येते. तिच्या बीजाला लांब पीळदार कूस असते. हवेतली ओल वाढली की पीळ सुटतो, कोरडं झालं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी मुरमाच्या फटीत स्वतःला रोवून घेतं. मातीचा जरा जाड थर असेल तिथे मारवेल, तिच्या पेरांवर पांढऱ्या केसांची कडी असते. आणि नदीच्या खऱ्या वाळूवर काश. गवताचं नाव कळलं की ढीग कसला, किती जुना, त्यात पाणी किती टिकतं, हे कळू लागतं. नाव ही चित्राला लावलेली चिठ्ठी नव्हे. चित्रात काय चाललं आहे ते समजायला नावावाचून गत्यंतर नाही.

छायाचित्रकार: काशाचं म्हणालात, तर तोच माझ्या बाजूचा पुरावा समजा. अश्विनात नदीकाठी काश फुलतो, पांढरे तुरे वाऱ्यावर एका बाजूला झुकतात, मागून ऊन आलं की प्रत्येक तुरा आतून पेटल्यासारखा होतो. हे पाहायला माणसाला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

मी: लागत नाही, आणि त्या तुऱ्याचं चित्र जरूर काढा. फक्त इथली वाळू काळपट आहे हे विसरू नका. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मध्यम राखाडी करायला पाहतो, म्हणून राजस्थानच्या फिकट वाळूवर छायाचित्रकार उजेड एखादा स्टॉप वाढवतो. इंद्रायणीच्या ओल्या वाळूवर तसं केलंत तर काशाचे तुरे पांढरेफटक होऊन त्यांचे तंतू नाहीसे होतील. इथे उजेड कमीच करावा लागतो. पण तुऱ्यावर थांबू नका, कारण काशाची खरी गोष्ट त्याच्या बुडाशी आहे. जमिनीखाली आडवे पसरणारे त्याचे कंद वाळू धरून ठेवतात. पूर आला, वरचं सगळं आडवं झालं, वाळूचा नवा थर बसला, तरी त्या थरातून तो पुन्हा वर येतो. हीच चिवटता १९१२च्या सुमारास कोइंबतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरमण यांनी उसात आणली. गोड पण नाजूक उसाचा रानटी काशाशी संकर करून को-२०५ हे वाण तयार झालं आणि १९१८मध्ये शेतात गेलं. आज पश्चिम महाराष्ट्रात जिकडेतिकडे उभा असलेला को-८६०३२ही अशाच संकरांच्या वंशपरंपरेतला. नदीकाठच्या ज्या गवताला आपण रिकाम्या जागेचं लक्षण समजतो, त्याचं रक्त आपल्या साखरेत आहे. हे ठाऊक असलेला छायाचित्रकार वाळूत उघडा पडलेला कंद टिपल्याशिवाय परतणार नाही. तुरा सगळेच टिपतात.

आणि काशाचं चित्र काढायला घाई हवी. वरच्या अंगाला पवना, आंद्रा, भामा-आसखेड, चासकमान अशी धरणं झाली. धरण पाणी सोडतं, पण वाळू अडवून ठेवतं. जी जुनी वाळू खाली उरली होती ती ब्रासाच्या हिशोबाने उपसली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान उपशालाही पर्यावरणीय परवानगी बंधनकारक केली. तोवर अनेक नद्यांच्या पात्रात कातळ उघडा पडलेला होता. उरलेल्या काठांवर सांडपाणी येतं. वाळूवर चिखलाचा थर बसला आणि त्यात खत असल्यासारखं नत्र मिसळलं, की काशाची जागा पाणकणीस घेतं आणि पाण्यात जलपर्णी पसरते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिला आहे. फेसाचं छायाचित्र पहिल्या पानावर येतं, कारण तो एका दिवसात दिसतो. काशाची जागा पाणकणसाने घेतली हे मात्र एका दिवसात दिसत नाही. त्यासाठी त्याच जागेवरून, त्याच कोनातून, वर्षानुवर्षं काढलेली चित्रं लागतात. माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे.

छायाचित्रकार: वर्षानुवर्षं कशाला? एक ढीग यंदाचा, एक पाच वर्षांपूर्वीचा, एक दहा वर्षांपूर्वीचा. एका दुपारी तिन्हींची चित्रं काढली की गवत कसं येतं ते दिसलंच.

मी: या युक्तिवादाचा वंश मोठा आहे. शिकागोच्या हेन्री काउल्स यांनी १८९९मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास असाच मांडला. पाण्याजवळची टेकडी सर्वांत नवी, आत जावं तशी जुनी, म्हणून किनाऱ्यापासून चालत गेलं की उघडी वाळू, मग गवत, मग झुडपं, मग वन असा काळच ओळीने उभा असतो. वनस्पती एकामागून एक कशा येतात हे समजून घेण्याला तिथून मोठी चालना मिळाली. पण काउल्स यांच्या टेकड्या एकाच सरोवराच्या, एकाच वाळूच्या होत्या. इथे एक ढीग कचेचा, दुसरा मुरमाचा, तिसऱ्यात फाउंड्रीची वाळू मिसळलेली. फाउंड्रीच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. काही साच्यांत रेझिनही असतं. या तिघांना एका ओळीत लावून काळ वाचणं चुकीचं ठरेल, कारण फरक वयाचा आहे की मालाचा हे चित्रातून कळणार नाही. म्हणून इथे एकाच ढिगाकडे पुन्हा पुन्हा जाण्यावाचून इलाज नाही. आल्प्समध्ये हिमनद्यांचं मोजमाप करणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरावीक जागेवरून पुन्हा पुन्हा छायाचित्रं काढायला सुरुवात केली, आणि हिमनद्या मागे हटल्याचा आजचा सर्वांत पटणारा पुरावा त्या पद्धतीतून आला आहे. आपल्या नदीचे घाट आणि पुलांचे कठडे त्यासाठी तयारच उभे आहेत. आळंदीच्या घाटाची पायरी दहा वर्षांनीही तिथेच असेल.

छायाचित्रकार: मग ही एक गोष्ट तरी मान्य करा. ढिगावर गवत आलेलं दाखवलं, तर लोकांना धीर येतो. माणसाने खणलं, निसर्गाने झाकलं. यात वाईट काय?

मी: हा तुमचा सर्वांत मोहक मुद्दा आहे आणि मला सर्वांत धोक्याचा वाटतो तोही हाच. वेल्समधल्या जुन्या तांब्या-शिशाच्या खाणींच्या ढिगांवर गवत वाढतं. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-६०च्या दशकांत त्या गवताचा अभ्यास केला. शेजारच्या कुरणातलं त्याच जातीचं गवत ढिगावर लावलं तर मरत होतं. ढिगावरचं जगत होतं, कारण विषारी धातू सोसणारी रोपं तेवढी तिथे निवडली गेली होती, आणि तीही थोडक्या पिढ्यांत. म्हणजे हिरवा झालेला ढीग स्वच्छ झालेला असतोच असं नाही. त्यात काय आहे ते गवताने सोसलेलं असतं, एवढंच हिरवेपणा सांगतो. चाकणच्या एखाद्या ढिगावर हिरवळ दाखवून निसर्गाने झाकलं असं म्हटलं, तर ज्याने तो ढीग टाकला त्याला विनासायास प्रशस्तिपत्र मिळतं. आणि हिरवं दिसणारं काय आहे, तेही पाहावं लागतं. गाजर गवत भारतात प्रथम ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकाच्या मध्यात. ते गवत नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती आहे, आणि त्याच्या परागांनी त्वचा आणि श्वासाचे त्रास होतात. लांबून काढलेल्या चित्रात गाजर गवताने भरलेला ढीग आणि मारवेलने भरलेला ढीग सारखेच हिरवे दिसतात. मारवेल जनावराचा चारा आहे, गाजर गवताला जनावर तोंड लावत नाही. ज्या चित्रात हे दोन वेगळे दिसत नाहीत, त्याने धीर देण्याचा दावा करू नये.

याची दुसरी बाजू नेदरलँड्समध्ये दिसते. तिथे वेलुवे भागात देशाच्या आत, समुद्रापासून दूर, खरोखर वाऱ्याने वाहणारी वाळू आहे. शतकानुशतकांच्या चराईने आणि माती सोलून नेण्याने ती उघडी पडली. पुढे पाइन लावून तिला बांधलं गेलं, शिवाय हवेतून पडणाऱ्या नत्रामुळे शेवाळ आणि गवत झपाट्याने वाढलं. आज तिथले वनाधिकारी झाडं तोडून, पृष्ठभाग खरवडून वाळू मुद्दाम मोकळी ठेवतात, कारण उघड्या वाळूवर जगणारे विरळ गवताचे झुबके, कीटक आणि पक्षी इतरत्र फारसे उरलेले नाहीत. म्हणजे झाकलेलं ते चांगलं आणि उघडं ते वाईट, हा हिशोबच कच्चा आहे. आपल्याकडेही टिटवी उघड्या वाळूत, खडीत अंडी घालते. चंडोलाला विरळ गवत लागतं. तिथे वृक्षारोपणाचे खड्डे घेतले की ते पक्षी जातात. आणि उन्हाळ्यात छायाचित्रासाठी वाळूवर फिरताना डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर चित्र सोडून तिथून निघायचं. ही सूचना नव्हे, अट आहे.

छायाचित्रकार: शेवटी हा कारखान्यांचा पट्टा आहे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, चाकण. लाखो घरांची चूल त्यावर पेटते. तुमचा मुरमाचा उतार म्हणजे पुढच्या प्लँटचा भूखंड. त्याचं गवत नोंदवून काय उपयोग? डंपर थांबणार आहे का?

मी: डंपर छायाचित्राने थांबत नाही, हे खरं. कारखाना नको असंही मी म्हणत नाही. पण "पुढच्या प्लँटचा भूखंड" हे शब्द कुठून येतात ते पाहा. सरकारी नकाशात गवताळ माळ बहुतेक वेळा पडीक जमीन म्हणून नोंदलेला असतो. २०२३मध्ये मधुसूदन आणि वनक यांनी प्रसिद्ध केलेल्या नकाशानुसार अशा निम-कोरड्या उघड्या परिसंस्था देशाच्या भूभागाच्या साधारण दहा टक्के आहेत, आणि त्यातला फारच थोडा भाग संरक्षित आहे. कागदावर तिथे काहीच नाही, म्हणून निर्णय घेणाऱ्यालाही तिथे काही दिसत नाही. तारीख, जागा आणि गवताचं नाव असलेली छायाचित्रांची मालिका ही त्या कोऱ्या कागदावरची पहिली नोंद असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच बसतं. तिथे नदीपात्रातल्या भरावाबद्दल बोलताना "पूर्वी इथे वाळू होती" असं म्हणून भागत नाही, पूर्वी म्हणजे कधी आणि कुठवर हे दाखवावं लागतं. तुमचं लहरींचं देखणं चित्र तिथे निरुपयोगी आहे, कारण ते कुठलंही असू शकतं. आणि ज्या जागेवर उद्या कारखाना येणारच आहे, तिची नोंद तर आजच हवी, उद्या ती करताच येणार नाही.

तुमच्या बाजूचं मी एक मनापासून मान्य करतो. नोंदीची चित्रं बहुधा रुक्ष असतात, आणि रुक्ष चित्रं कोणी पाहत नाही. न पाहिलेली नोंद कपाटात मरते. कोनाची शिस्त पाळूनही प्रकाश निवडता येतो, सावली निवडता येते, मागचा टॉवर चौकटीच्या कडेला असा ठेवता येतो की वाळू आणि गवत हेच चित्राचा विषय राहतील. हे कसब तुमच्याकडे आहे, वनस्पती ओळखणाऱ्यांकडे ते क्वचित असतं. त्यामुळे काम दोघांनी मिळून करायचं आहे. ओळखीसाठी साधनं हाताशी आहेत. ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं १९३५चं पुस्तक आहे, पोतदार, साळुंखे आणि यादव यांचं महाराष्ट्रातल्या गवतांवरचं २०१२चं पुस्तक आहे, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. गवताची ओळख पटावी म्हणून तीन चित्रं जवळून लागतात: तुरा, खोडाचं पेर, आणि पात्याच्या बुडाशी असलेला बारीक पडदा किंवा केस. ही तीन चित्रं काढायला फोनचा कॅमेराही पुरतो.

देहू, आळंदी, तुळापूर, मोशी, चाकण यांपैकी जे जवळ असेल तिथे सार्वजनिक रस्त्यावरून किंवा घाटावरून दिसणारी एक जागा निवडा. देहूरोडच्या लष्करी हद्दीपासून दूर राहा, आणि ड्रोन उडवायचा असेल तर आधी नकाशातला विभाग तपासा, लोहगावचा विमानतळ जवळ आहे. वर्षातून चार वेळा त्याच ठिकाणी उभे राहा: पाऊस येण्यापूर्वी, अश्विनात काश फुलल्यावर, मार्गशीर्षात गवत वाळल्यावर आणि होळीच्या आसपास. प्रत्येक चित्राखाली तारीख, जागा आणि ओळखू आलेल्या गवताचं नाव लिहा. नाव कळलं नाही तर ती ओळ कोरी ठेवा आणि ओळखणाऱ्याला विचारा. पहिलं चित्र येत्या मृगापूर्वी काढा, कारण पावसाआधीची उघडी वाळू दिसली नाही, तर पुढची तीन चित्रं कशाशी ताडून पाहायची ते ठरणार नाही.